एकच पेनड्राइव्ह, यादीत दोन ओळी

भाऊबीजेला कराडला ताईकडे पोचलो तेव्हा ओवाळणीच्या ताटाआधी लॅपटॉप समोर आला. भाचा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजात सी प्रोग्रॅमिंग लिनक्सवर करून घेतात, म्हणून त्यानं दिवाळीच्या सुट्टीत घरच्या लॅपटॉपवर विंडोज १० च्या शेजारी उबुंटू २२.०४ हे लिनक्स बसवलं. सगळं सुरळीत पार पडलं, लॅपटॉप परत चालू केला, आणि विंडोज गायब. काळ्या पडद्यावर ग्रबची, म्हणजे लिनक्स चालू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची यादी येत होती, तिच्यात उबुंटू होतं आणि विंडोजचं नावही नव्हतं.

त्याच विंडोजमध्ये ताईच्या बचत गटाचा सात वर्षांचा हिशेब होता. कोणी किती कर्ज घेतलं, किती हप्ते फिटले, कोणाचं व्याज थकलंय, सगळं एक्सेलच्या फायलींमध्ये. दुसरी प्रत कुठेच नाही. जवळच्या एका दुकानात दाखवलं तर तिथं सांगितलं, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची खात्री देत नाही." ताई दोन दिवस धड जेवली नव्हती, आणि भाचा माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

विंडोज उडालेलं नव्हतं. ते होतं तिथंच, होतं तसंच होतं. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की विंडोज १० ला मिळणारे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर आता बरेच जण लिनक्स बसवून बघतायत. नेमक्या याच वयाच्या मशीनमध्ये यूईएफआय (नवी) आणि लेगसी (जुनी) अशा चालू होण्याच्या दोन्ही पद्धती असतात. म्हणजे ताईच्या घरी झालं ते आणखी कितीतरी घरांत होऊ शकतं.

आधी प्रत, मग बाकीचं

पहिलं काम हिशेब बाहेर काढायचं. उबुंटू चालू होत होतंच. त्याच्या फाइल मॅनेजरमध्ये विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा त्याच्या वाट्याचा भाग, दिसत होतं. उघडलं तर ते फक्त वाचण्यापुरतं उघडलं, लिहायला परवानगी नव्हती. ही घाबरण्याची गोष्ट नाही. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की 'शट डाउन' केल्यावरही ते अर्धवट झोपलेलं राहतं, आणि लिनक्स अशा पार्टिशनवर लिहायला नकार देतं, तेही शहाणपणानं. आम्हाला वाचायचंच होतं. बचत गटाचं फोल्डर माझ्या बॅगेतल्या हार्डडिस्कवर उतरवलं, दोन-तीन फायली उघडून ताईला दाखवल्या. तिनं आकडे ओळखले, मग कुठे चहा ठेवायला उठली.

त्यानंतर भाच्याला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "काय काय केलंस ते क्रमानं सांग. चुकलं-बिकलं सोड, नुसतं काय दिसलं आणि तू काय दाबलंस ते."

लॅपटॉप २०१८ चा, जुना विकत घेतलेला, एक टीबीची हार्डडिस्क. भाच्यानं विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह शंभर जीबीनं आक्रसून जागा मोकळी केली होती. ते बरोबर केलं. मग पेनड्राइव्ह लावला, एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मुळातल्या सेटिंगमध्ये गेला आणि यूएसबीला क्रमात वर आणलं. उबुंटूचा इन्स्टॉलर उघडला. पार्टिशन हातानं करायचा पर्याय घेतला, आणि पुढे जाताना त्याला एक इशारा आला. त्यानं मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला होता, फार बरं केलं. इशाऱ्याचा अर्थ असा: या डिस्कवर जी पार्टिशनची पद्धत आहे तिच्यात बूटलोडरसाठी (सिस्टिम चालू करून देणाऱ्या ग्रबसारख्या प्रोग्रॅमसाठी) वेगळं पार्टिशन लागतं, 'रिझर्व्ह्ड बायोस बूट एरिया' नावाचं, कमीत कमी एक एमबीचं. त्यानं शोधलं, कुणाच्या तरी सल्ल्यानं एक एमबीचं पार्टिशन करून दिलं, आणि इन्स्टॉलेशन पुढे सरकलं.

हा फोटो बघितला आणि मला निदान मिळालं. तो इशारा येतो तेव्हा इन्स्टॉलर खरं तर सांगत असतो, 'मी लेगसी पद्धतीनं चालू झालोय आणि तुझी डिस्क जीपीटी आहे.' जीपीटी म्हणजे डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवण्याची नवी पद्धत, यूईएफआयच्या जोडीची. पण हे तो इतक्या आडवळणानं सांगतो, की माहीत नसलेल्या माणसाला ती नुसती एक फॉर्मॅलिटी वाटते.

दोन पद्धती म्हणजे नेमकं काय

१९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला बायोस एक अगदी साधं काम करतो. तो डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत उचलतो, शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण आहे का बघतो, आणि तिथं जे काही आहे ते चालवायला लागतो. फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, हे बायोसला माहीत नाही. विंडोज की लिनक्स, त्याला फरक कळत नाही. त्या ५१२ बाइटांतच ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला जातात, सोळा-सोळा बाइटांच्या चार नोंदी. म्हणून जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य पार्टिशन चारच. आणि सेक्टरचा आकडा ३२ बिटांत लिहायचा, म्हणून ५१२ बाइटांच्या सेक्टरला साधारण दोन टीबीच्या पुढची जागा मोजता येत नाही.

यूईएफआयची चाल वेगळी. इंटेलनं इटॅनियम प्रोसेसरच्या कामात ईएफआय तयार केलं, आणि २००५ मध्ये अनेक कंपन्यांच्या मंचाकडे ते सोपवल्यावर त्याचं यूईएफआय झालं. या फर्मवेअरला, म्हणजे मदरबोर्डवरच्या पायाभूत प्रोग्रॅमला, फॅट फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडण्याची एक पद्धत) वाचता येते. डिस्कवर एक छोटं पार्टिशन असतं, ईएफआय सिस्टिम पार्टिशन. त्यात ईएफआय नावाचं फोल्डर, त्यात मायक्रोसॉफ्टचं एक फोल्डर, उबुंटूचं एक, आणि प्रत्येकात .ईएफआय शेपटीची बूटलोडरची फाइल. कुठली फाइल आधी उघडायची याची यादी मदरबोर्डवरच्या स्मृतीत जपलेली असते. म्हणजे बायोस डिस्कच्या पहिल्या पायरीवर जे सापडेल ते उचलतो, तर यूईएफआय घर क्रमांक बघून नावानिशी हाक मारतो.

संक्रमणाच्या काळात कंपन्यांनी यूईएफआयच्या पोटात जुन्या बायोसची नक्कल करणारा एक भाग ठेवला, त्याला सीएसएम म्हणतात. सेटिंगमध्ये तो कधी 'लेगसी सपोर्ट' म्हणून दिसतो, कधी 'सीएसएम' म्हणूनच. साधारण २०१२ ते २०१९-२० या काळातल्या बहुतेक मशीनमध्ये तो आहे. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा काढूनच टाकलेला असतो, तिथं हा घोळ होतच नाही.

आता या सगळ्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. इन्स्टॉलर तुम्हाला कधीच विचारत नाही, 'यूईएफआय हवं की लेगसी?' तो प्रश्न तुम्ही पेनड्राइव्ह ज्या वाटेनं चालू केलात त्याच क्षणी सुटलेला असतो. लेगसी वाटेनं चालू झालेल्या सिस्टिमला यूईएफआयच्या सेवा मिळतच नाहीत. मदरबोर्डवरच्या त्या यादीत 'उबुंटू' अशी ओळ घालायची तिला सोयच नसते. मग ती बिचारी दुसरं काय करणार, जुन्या रिवाजाप्रमाणे डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये आपला बूटलोडर लिहून मोकळी होते. तीन तासांनी बिघडलेलं दिसतं ते पहिल्या तीन सेकंदांत ठरलेलं असतं.

मग विंडोज गेलं कुठे

लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये गेलो. बूट मोड 'लेगसी सपोर्ट', प्राधान्य 'लेगसी फर्स्ट'. हे भाच्यानं केलेलं नव्हतं, आधीच्या मालकाकडून तसंच आलं होतं.

भाचा म्हणाला, "पण मामा, लेगसी आधी होतं तर इतके दिवस विंडोज कसं चालत होतं? तू म्हणतोस विंडोज यूईएफआयमधलं आहे."

प्रश्न अगदी योग्य होता. विंडोज यूईएफआय पद्धतीनं बसवलेलं होतं याचा पुरावा डिस्कवर समोर होता: पहिलं रिकव्हरीचं पार्टिशन, दुसरं शंभर एमबीचं ईएफआय सिस्टिम पार्टिशन, तिसरं सोळा एमबीचं मायक्रोसॉफ्टचं राखीव, चौथं सी ड्राइव्ह. ही विंडोज १० ची यूईएफआयमधली नेहमीची मांडणी. आतापर्यंत लॅपटॉप चालू झाला की आधी लेगसी पद्धतीनं पहिल्या सेक्टरकडे बघायचा, तिथं चालवण्याजोगं काही सापडायचं नाही, मग मुकाट्यानं यूईएफआयकडे वळून विंडोज उघडायचा. उबुंटूनं त्या रिकाम्या जागेत ग्रब लिहिला, आणि पहिल्याच दारात कुणीतरी 'ओ' दिली. त्यामुळे यूईएफआयची पाळीच येईना.

आणि ग्रबच्या यादीत विंडोज का नाही? इथं मी एक शंका आधी तपासून घेतली. उबुंटू २२.०४ च्या ग्रबमध्ये इतर सिस्टिम शोधणारा भाग बऱ्याचदा बंद असतो, तर नुसतं तेच कारण नसेल ना? सेटिंगच्या फायलीत तो चालू केला आणि यादी नव्यानं बनवली. तरीही विंडोज सापडलं नाही. कारण लेगसीमध्ये चालू असताना तो शोधणारा ईएफआय पार्टिशनातल्या बूटलोडरकडे बघतच नाही. आणि समजा हातानं ओळ घातली असती तरी उपयोग नव्हता, लेगसी ग्रबला यूईएफआयचा बूटलोडर चालवता येत नाही.

पेनड्राइव्ह काढला, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि एफ१२ दाबलं. बूटची यादी आली. तिच्यात स्वच्छ 'विंडोज बूट मॅनेजर' लिहिलेलं होतं. एंटर दाबलं, आणि ताईच्या नातीचा फोटो असलेला डेस्कटॉप पडद्यावर आला. ज्या कामासाठी फॉरमॅट सुचवला गेला होता त्याला एक बटण पुरलं. दुकानदाराला मी दोष देणार नाही, फॉरमॅट हे त्याचं हमखास उरकणारं काम आहे. पण डेटा डोळ्यांसमोर असताना, एफ१२ ची यादीही न बघता तो सल्ला कुणी देऊ नये, हे मात्र मला मनापासून वाटतं.

उबुंटूला यूईएफआयमध्ये आणणं

दोन्ही एकाच पद्धतीत असणं हाच टिकाऊ उपाय. विंडोज हलवायचं नव्हतं, म्हणून उबुंटूला यूईएफआयकडे आणायचं. परत इन्स्टॉल करायची गरज नसते. उबुंटूच्या फायली दोन्ही पद्धतींत त्याच असतात, बदलतो तो फक्त बूटलोडर.

विंडोजमध्ये असतानाच फास्ट स्टार्टअप बंद केलं. बिटलॉकर चालू आहे का तेही बघितलं, नव्हतं. हे बघणं कुणी टाळू नये. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर फर्मवेअरची सेटिंग बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती हाताशी नसेल तर आमच्यासारखीच दोन दिवसांची उपासमार घरात सुरू होते.

मग सेटिंगमध्ये बूट मोड 'यूईएफआय' केला. आता लॅपटॉप सरळ विंडोजमध्ये जायला लागला, आणि भाचा ओरडला, "आता उबुंटू गेलं!" मी म्हटलं, "काल विंडोज जसं गेलं होतं, तसंच."

पेनड्राइव्ह परत लावून एफ१२ दाबलं. लेगसी चालू असताना याच यादीत हा पेनड्राइव्ह दोनदा दिसत होता, एकदा नुसत्या कंपनीच्या नावानं आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून. एकच वस्तू, दोन वाटा. भाच्यानं यादी कधी उघडलीच नव्हती, नुसता क्रम बदलला होता, म्हणून फर्मवेअरनं आपल्या प्राधान्याप्रमाणे लेगसीची वाट धरली. आता एकच ओळ उरली होती, यूईएफआयवाली. शिवाय उबुंटूच्या पहिल्या मेनूत 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' अशी एक जास्तीची ओळ दिसली. लेगसीनं चालू केलं तर ती नसते.

'ट्राय उबुंटू' घेऊन टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडलं. इथं खात्री करायची पद्धत साधी आहे: मुळातल्या 'सिस' फोल्डरमध्ये 'फर्मवेअर', आणि त्यात 'ईएफआय' नावाचं फोल्डर आहे का बघायचं. असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी. होतं.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. उबुंटूचं पार्टिशन म्हणजे सहावं, ते माउंट केलं, म्हणजे वापरायला जोडून घेतलं. त्याच्या बूट फोल्डरच्या आत 'ईएफआय' नावाचं फोल्डर करून त्यावर दुसरं, शंभर एमबीचं पार्टिशन माउंट केलं. ते विंडोजच्या वाट्याचं आहे म्हणून लोक बिचकतात, पण ते कुणा एकाच्या मालकीचं नसतं. विंडोजचं फोल्डर त्याच्या जागी राहतं, उबुंटूचं शेजारी येतं, आणि त्याला काही एमबीच जागा लागते. मात्र हे पार्टिशन चुकूनही फॉरमॅट करायचं नाही, केलं तर विंडोजचा बूटलोडर खरोखरच जातो.

मग सीएचरूट करून आत शिरलो, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालू असलेल्या सिस्टिममधून डिस्कवरच्या उबुंटूत कमांड देण्याची सोय केली. मोबाइल यूएसबीनं जोडून इंटरनेट घेतलं. लेगसीचं 'ग्रब-पीसी' पॅकेज काढून त्याजागी 'ग्रब-ईएफआय-एएमडी६४', त्याचं सही केलेलं रूप आणि 'शिम-साइन्ड' बसवलं. ग्रब-इन्स्टॉल चालवल्यावर पहिल्यांदा तक्रार आली, की या सिस्टिमवर ईएफआय व्हेरिएबल, म्हणजे मदरबोर्डच्या स्मृतीतल्या त्या नोंदी, उपलब्ध नाहीत. ही तक्रार सहसा दोनच कारणांनी येते: एकतर तुम्ही लेगसीमध्ये आहात, नाहीतर सीएचरूटच्या आत ईएफआय व्हेरिएबलची फाइल सिस्टिम जोडायची राहिलीय. आपण यूईएफआयमध्ये आहोत हे आधीच बघितलं होतं, म्हणून दुसरं कारण धरलं, ती जोडली, आणि कमांड विनातक्रार पार पडली. एफएसटॅब फायलीत (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) ईएफआय पार्टिशनची ओळ घातली, नाहीतर पुढच्या अपडेटला ग्रबच्या फायली भलत्याच जागी जातात. शेवटी ग्रबची यादी नव्यानं बनवली. टर्मिनलवर 'विंडोज बूट मॅनेजर सापडला' अशी ओळ उमटली तेव्हा भाच्यानं माझा हात घट्ट धरला.

लॅपटॉप परत चालू केला. ग्रबची यादी आली, वर उबुंटू, खाली विंडोज. दोन्ही दोन-दोनदा उघडून बघितली.

विंडोज बसवताना हाच प्रसंग उलटा येतो

भाच्यानं उबुंटूऐवजी याच वाटेनं विंडोज बसवायला घेतलं असतं, तर त्याला दारातच अडवलं असतं. विंडोज या बाबतीत कडक आहे: यूईएफआय असेल तर जीपीटी डिस्क, लेगसी असेल तर एमबीआर, तिसरी जोडी मान्य नाही. लिनक्स मोकळ्या मनाचं आहे, लेगसी आणि जीपीटी ही जोडीही चालवून घेतं, फक्त तो एक एमबीचा तुकडा मागतं. एरवी मला लिनक्सचा हा मोकळेपणा आवडतो. इथं मात्र त्यानंच पोराला पुढे जाऊ दिलं.

पण विंडोजच्या त्या नकारानं होणारं नुकसान जास्त मोठं असतं. 'निवडलेली डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, तिच्यावर विंडोज बसवता येत नाही' असा संदेश येतो, किंवा उलट, डिस्क एमबीआर आहे आणि ईएफआय सिस्टिमवर जीपीटीच लागते असा. माणूस तो संदेश शोधतो आणि त्याला उत्तर मिळतं: डिस्कपार्ट (विंडोजचं डिस्क हाताळायचं साधन) उघडा, 'क्लीन' टाका, मग 'कन्व्हर्ट'. उत्तर तांत्रिकदृष्ट्या चालतं. पण 'क्लीन' ही कमांड पार्टिशनचा तक्ताच पुसून टाकते, आणि सी-डी-ई सगळे ड्राइव्ह एका ओळीत जातात. डिस्क रिकामी असेल तर खुशाल करा. डिस्कवर काही जपायचं असेल तर आधी पेनड्राइव्ह दुसऱ्या ओळीनं चालू करून बघा, बहुतेक वेळा डिस्कला हातही लावावा लागत नाही. आणि चालू असलेलं विंडोज १० लेगसीतून यूईएफआयकडे न्यायचंच असेल, तर त्यासाठी मायक्रोसॉफ्टनं १७०३ या आवृत्तीपासून 'एमबीआर२जीपीटी' हे साधन दिलेलं आहे. ते डेटा न पुसता रूपांतर करतं, आणि त्यात आधी नुसती तपासणी करण्याचीही सोय आहे. मुख्य पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर ते नकार देतं. प्रत मात्र त्याआधीही घ्यायचीच.

आपलं सध्याचं विंडोज कुठल्या पद्धतीत आहे हे बघायला 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडायचं, 'बायोस मोड' या ओळीपुढे 'लेगसी' किंवा 'यूईएफआय' लिहिलेलं असतं. नवीन काहीही बसवण्याआधी ती एक ओळ कागदावर टिपून ठेवा आणि पेनड्राइव्ह त्याच पद्धतीनं चालू करा.

उरलेलं एक काम

निघायच्या आधी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला जुना ग्रब पुसायचा होता. तो तसाच राहिला असता तर आज काही बिघडलं नसतं. पण उद्या मदरबोर्डची बॅटरी उतरून सेटिंग मूळपदावर आली, लेगसी पुन्हा पुढे झालं, तर तोच जुना ग्रब जागा होऊन आपल्या आता नसलेल्या फायली शोधत बसला असता आणि ताईला नुसता 'ग्रब रेस्क्यू' दिसला असता.

पुसताना आकडा सांभाळावा लागतो. पहिल्या सेक्टरचे ५१२ बाइट असले तरी बूटच्या कोडचे ४४० च. त्यापुढे डिस्कची ओळख आहे, आणि मग पार्टिशनचा तक्ता, ज्यात जीपीटी डिस्कवर एकच संरक्षक नोंद असते, जुन्या साधनांना 'ही डिस्क रिकामी नाही' असं सांगणारी. मी भाच्याला कमांड लिहायला लावली, डिस्कचं नाव आणि ४४० हा आकडा मोठ्यानं वाचायला लावला, मग एंटर दाबू दिलं. पुन्हा एकदा चालू केलं, यादी आली, दोन्ही ओळी होत्या.

एक एमबीचं ते पाचवं पार्टिशन तसंच ठेवलंय. काढून मिळणार काहीच नाही, आणि चालत्या डिस्कवर विनाकारण हात चालवू नये. ताईच्या हिशेबाची प्रत मात्र आता दोन ठिकाणी आहे, एक तिच्या कपाटातल्या पेनड्राइव्हमध्ये आणि एक माझ्याकडे.